लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पहिली वेलांटी कुठं द्यायची आणि दुसरी कुठं, हे मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि लग्नानंतर तर लिहायचं कामच पडलं नाही. वाण्याची यादीसुद्धा मी तोंडानं सांगायची. तेव्हा चुका होतील, त्याची माफी असावी. माफी कुणाकडं मागते आहे तेही नीट माहीत नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. शिवाय कागद गुळगुळीत आहे, पेन घसरतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. त्यांचा एक गठ्ठा पलंगाखाली राहून गेला. आता त्या कापायच्या नाहीत, मग वाया तरी कशाला घालवायच्या.

यांच्याबद्दल लिहायचं आहे. हे म्हणजे माझे मालक. एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर क्लार्क होते. नोकरीला लागले तेव्हा तिथं बसले आणि रिटायर झाले तेव्हा तिथूनच उठले. मध्ये एकदा परीक्षा विभागात घेतो म्हणाले होते, तिथं मान जास्त. हे नको म्हणाले. त्यांच्या मागे एक कर्ज राहिलं आहे, आणि ते दुसऱ्याच माणसाच्या मानेवर बसलं आहे. तेही लिहीन. अजून ते पुरतं फिटलेलं नाही.

सत्काराच्या दिवशी मला बोलायला सांगितलं होतं. माणूस निवृत्त झाला की बायकोलाही स्टेजवर शेजारी बसवतात, ओटी भरतात, साडी देतात. तेवढं मला माहीत होतं. पण एकदम प्राचार्य माईकवर म्हणाले, "आता वहिनींनी दोन शब्द बोलावेत." मी उठले. माईक माझ्या डोक्याच्या वर होता, तो कुणीतरी खाली ओढला, त्याचा केवढा तरी कर्कश आवाज झाला. समोर सगळी शिकलेली माणसं. मी नुसतीच उभी. मग ओटीतला नारळ घट्ट धरून खाली बसले. प्राचार्य हसून म्हणाले, "वहिनी न बोलता सगळं बोलल्या!" टाळ्या झाल्या. मी काहीसुद्धा बोलले नव्हते. तेच इथं लिहिते आहे. ऐकायला आता हे नाहीत.

लग्न होऊन मी दुधनीहून सोलापुरात आले. दोन खोल्या, दारासमोर नळ, मागच्या गल्लीत माग. हे सकाळी डबा घेऊन जायचे. जूनपासून दिवाळीपर्यंत फॉर्मांचा हंगाम, तेव्हा घरी यायचा नेम नसायचा. आले तरी बोलणं नाही. उत्पन्नाचा दाखला कुठं मिळतो, तहसीलला कुठल्या खिडकीत जायचं, सही कुणाची घ्यायची, हे दिवसभर पोरांना आणि त्यांच्या आईबापांना सांगून यांचा घसा बसलेला असायचा. माझ्या वाट्याला खाणाखुणा यायच्या. भात हवा असला की ताटाकडं बोट. पाणी हवं असलं की तांब्याकडं नजर. मी मुळातच लाजरी, शेजारणींच्या घोळक्यात जाऊन बसणारी नव्हे. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी दारात बसून मागांची खटखट ऐकायची, तीच सोबत. सुट्टीला माग बंद असले की घर खायला उठायचं.

मग एका जूनमध्ये यांनी घरी आल्या आल्या विचारलं, "अगं, जुन्या पत्रिका हायत का घरात? लग्नाच्या?"

"हायत की. कशाला?"

"चिठ्ठ्या कापायच्यात. रंगीत पायजेत."

एवढं मोठं बोलणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं, म्हणून मी पुढंही विचारलं. तेव्हा यांनी सांगितलं. हे स्वतः शिकत होते तेव्हा यांचीही फी माफ होती. कॉलेजचा क्लार्क व्हरांड्यात उभा राहून ओरडायचा, "ए माफीवाले, पुढं या!" मग सगळ्या वर्गादेखत पुढं जायचं. कुणाची जात ओरडून सांगायची, कुणाचा बाप मेलेला ओरडून सांगायचा. हे म्हणाले, "माझ्या खिडकीत ओरडणं न्हाय." तर यांनी युक्ती काढली होती. पोरानं फॉर्म गुपचूप आत सरकवायचा. यांनी तो वाचून पोराला एक रंगीत चिठ्ठी द्यायची. जातीचा फॉर्म असला की एक रंग, वडील नसलेल्याला दुसरा, अपंगाला तिसरा, असं. नंतर बोलावताना म्हणायचं, "पिवळे उद्या या, गुलाबी परवा." दरवर्षी रंग बदलायचे, म्हणजे कुठला रंग कशाचा ते पोरांना ओळखता यायचं नाही. कोरे रंगीत कागद विकत मिळतात, पण ते पातळ, पोरांच्या खिशात घामानं विरघळायचे. पत्रिकेचा कागद जाड.

त्या दिवसापासून ते काम माझं झालं. लग्नसराई संपली की मी गल्लीतून पत्रिका गोळा करायची. एरवी कुणाच्या दारात न जाणारी मी, पण पत्रिका मागायला जायची. पत्रिकेवर गणपती असतो, कुणाच्या सिद्धरामेश्वर असतो, त्याच्यावर कात्री चालवायची नाही. आधी देवाचा भाग अलगद कापून वेगळा ठेवायचा आणि पिंपळाखाली नेऊन ठेवायचा. मग उरलेल्याच्या चौकोनी चिठ्ठ्या. कॉलेजचे शिपाईभाई, ज्यांचं काम यांच्या खिडकीबाहेर रांग लावायचं, ते त्यांच्या मोहल्ल्यातून हिरव्या आणि सोनेरी पत्रिका आणून द्यायचे. त्यांच्यावर वर उर्दूत अल्लाचं नाव असायचं. तो भाग मी कापून परत द्यायची, ते रुमालात बांधून घेऊन जायचे.

"भाभी," ते म्हणायचे, "साहेबांच्या खिडकीत हिंदू-मुसलमान सगळ्यांची लग्नं एका डब्यात असतात. भांडण नाही, मानपान नाही."

यावर हे हसायचे. मला यांचं हसू शिपाईभाई आल्यावरच दिसायचं.

या चिठ्ठ्यांपायी माझी एक फजिती झाली, तीही लिहिते. माझी थोरली बहीण दुधनीतच दिली आहे. तिला मी अक्का म्हणते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. अक्कानं पत्रिका एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. त्यानं ती आमच्या दारातल्या टोपलीत टाकली, जिथं गल्लीतले लोक मला जुन्या पत्रिका टाकायचे. त्या वर्षी यांना पिवळा रंग जास्त लागत होता. अक्काची पत्रिका पिवळी. मी कोपऱ्याला कुंकू लागलेलं बघितलं, पण जुन्या पत्रिकेलाही कुंकू असतंच. देवाचा भाग वेगळा केला आणि बाकीची कापून टाकली.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"आलीस न्हाय?"

"कुटं?"

"कुटं म्हणं! माझ्या पोरीच्या अक्षतेला. लगीन झालं, पोरगी गेली बी. तुझ्या वाटणीची गव्हाची हुग्गी उरलीया, ती गाईला घातली."

काय झालं ते माझ्या हळूहळू ध्यानात आलं. यांना सांगितलं तर यांनी कपाळावर हात मारला. पुढच्या आठ-दहा दिवसांत पोरं चिठ्ठ्या परत देतील तशा यांनी त्या पिवळ्या चिठ्ठ्या डब्यातून वेचून घरी आणल्या. मी ते तुकडे जमिनीवर लावून बघितले. "आपली उपस्थिती" एवढं लागलं. पुढचा तुकडा कधी आलाच नाही.

साडी घेऊन मी होटगीवरून रेल्वेनं दुधनीला गेले. अक्कानं साडी घेतली, घडीसुद्धा मोडली नाही, पाटावर ठेवली. मी सगळं सांगितलं तर म्हणाली, "पुरे आता. लोकांच्या पोरांसाठी माझ्या पोरीची पत्रिका कापलीस. तुला पोरबाळ न्हाय, तुला काय कळायचं त्यातलं." मी चहा न घेताच परतीची गाडी धरली. त्यानंतर अक्का संक्रांतीला फोन करते, तीळगूळ म्हणते आणि ठेवते. हे गेले तेव्हा आली होती, दुपारच्या गाडीनं परत गेली.

त्या दिवशी मी दुधनीहून घरी आले तर हे म्हणाले, "चिठ्ठ्या बंद करू का?" मी म्हटलं, नको. हे बंद झालं तर यांच्या आणि माझ्या मध्ये काय राहणार होतं? पुढं सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचे झाले. पोरं बाहेरच्या दुकानातून फॉर्म भरून यायची, तरी अडायचीच. कुणाचा अंगठा उमटायचा नाही, कुणाचे पैसे बापाच्या खात्यात जायचे आणि बाप दारूडा असायचा. तेव्हाही हे चिठ्ठ्या देत राहिले आणि मी कापत राहिले.

आता कर्जाचं. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आधी येते आणि शिष्यवृत्तीचे पैसे नंतर येतात, कधी कधी वर्षानं येतात. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. तर हे कॉलेजच्या सेवकांच्या पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढायचे आणि अडलेल्या पोरांची फी भरायचे. शिष्यवृत्ती आली की पोरं पैसे आणून द्यायची, हे हप्ते फेडायचे. एक कर्ज फिटलं की दुसरं. कॉलेजात हे शिपाईभाईंशिवाय कुणाला माहीत नव्हतं, कारण जामीन म्हणून सही त्यांची असायची.

मी एकदा विचारलं, "आणि न्हाय दिले तर?"

"देतात की."

"सगळेच देतात?"

"पोरं देतात गं. पोरींची लग्नं लावून टाकतात, मग कुटं शोधायचं? सासरी जाऊन सांगू का, तुमच्या सुनेकडं माझे पैसे हायत म्हणून? नांदू देतील का तिला?"

यांचा नियम होता, एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा मागायचं नाही. मला राग यायचा. माझी शिलाई मशीन मोडकी, पायानं चालवायची, तिला मोटर बसवून द्या म्हणाले तर "पुढच्या वर्षी" म्हणायचे. पुढच्या वर्षी पुन्हा पोरांची फी. कधी वाटायचं, मीही एक फॉर्म भरून यांच्या खिडकीत उभं राहावं. मग तरी माझ्याशी बोलतील. हे सत्काराच्या दिवशी माईकवर कसं सांगायचं?

त्या दिवशी कार्यक्रमाआधी शिपाईभाईंनी मला ती खिडकी दाखवली. एवढी वर्षं चिठ्ठ्या कापल्या, पण खिडकी मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं मोठी असेल. हाताच्या दोन वितींएवढी, आणि इतकी खाली की उभ्या माणसाला कंबरेत वाकल्याशिवाय आतलं तोंड दिसणार नाही. आत बसणाऱ्याच्या सोयीनं केलेली. पण बाहेर एक लाकडी बाक होता.

"हा बाक साहेबांनी ठेवून घेतला," शिपाईभाई म्हणाले. "पहिला प्राचार्य बोल्या, व्हरांड्यात अडचण होते. साहेब बोल्ले, मग मला स्टूलवर बसवा आणि खिडकी वर न्या. पण पोरगं माझ्यासमोर वाकणार नाही."

बाकावर बसून बसून मधली फळी गुळगुळीत झाली होती. मी बसून बघितलं. आतली खुर्ची बरोबर माझ्या समोर आली. हे तेव्हा हॉलमध्ये पाहुण्यांशी बोलत होते, खुर्ची रिकामी होती. एवढी वर्षं कितीतरी लोक यांच्यासमोर असे बसले, आणि यांनी प्रत्येकाकडं असं सरळ बघितलं. घरी माझ्याकडं बघायला यांच्याकडं नजर शिल्लक राहायची नाही, त्याचं कारण मला तिथं बसल्यावर कळलं. कळलं म्हणून बोचायचं थांबलं असं नाही.

कॉलेज विनाअनुदानित, त्यामुळे पेन्शन नाही. फंडाचे पैसे मिळाले. रिटायर झाल्यावर शेवटच्या कर्जाचे हप्ते हे आपल्या हातानं भरत होते. मग यांचं पोट दुखायला लागलं. दवाखाने झाले, फंड त्यातच गेला. हप्ते कधी थांबले ते मला कळलंच नाही. शेवटी शेवटी हे अंथरुणात पडून माझ्याकडं बघायचे, बोलायचे नाहीत, पण बघायचे. आणि गेले.

तेराव्यानंतर कुणीतरी सांगितलं, पतसंस्थेत यांच्या शेअरचे पैसे असतील, जाऊन बघा. मी जन्मात ऑफिसात गेले नव्हते. गेले. तिथली खिडकीही खालीच होती, बाहेर बाक नव्हता. मी वाकले.

"काय काकू?" आतला माणूस म्हणाला.

"ते... शेअरचे..."

"मोठ्यानं बोला की. नाव काय सभासदाचं?"

यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर तोंडावर आणलं नव्हतं. मी पासबुकच आत सरकवलं. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "अहो काकू, शेअर कसले मागताय? मयत खातं आहे, कर्ज थकलंय की! जामीनदाराच्या पगारातून कपात चाललीय दर महिन्याला. शिपाई माणूस बिचारा, चांगलाच अडकला."

मागचा एक जण "अरेरे" म्हणाला. माझी कंबर वाकलेलीच राहिली, सरळच होईना. हे असते तर त्यांनी मला एक चिठ्ठी दिली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं.

मी तशीच शिपाईभाईंच्या घरी गेले. ते कामावरून यायचे होते. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणते आणि ती मला भाभी म्हणते, दोघीही एकमेकींच्या भाभी. ती शेवया वाळत घालत होती. मी बसले आणि विचारलं.

"किती दिवस चाललंय?"

तिनं हातातल्या शेवया दोरीवर टाकल्या. मग म्हणाली, "भाभी, राग नको येऊ द्या. मैं पोटात नाही ठेवू शकत. पगार कापतात त्याचं एक वेळ जाऊ द्या, भाजी कमी आणू. पण माझ्या पोरीला नर्सिंगला नंबर लागला होता. पहिली फी रोख भरायची होती. हमारे ये त्याच सोसायटीत कर्ज मागायला गेले तर तिथला माणूस बोल्या, तुमच्या नावावर आधीच एक बोजा आहे, तो फिटल्याशिवाय दुसरं नाही. पोरगी घरी बसली. आता डॉक्टरकडं पट्ट्या बांधायला जाते."

पोरगी दाराच्या आड उभी होती. बारावीला चांगले मार्क मिळाले म्हणून हिचे पेढे आमच्याकडं आले होते. यांनी त्या वेळी खिशातला पेन काढून तिला दिला होता. लोकांच्या पोरांच्या फीसाठी काढलेलं यांचं कर्ज आता हिच्या फीच्या आड आलं होतं.

तेवढ्यात शिपाईभाई आले. मला बघितलं आणि सगळं समजले. बायकोला म्हणाले, "तेरे पेट में कुछ रहता क्या?" आणि मला म्हणाले, "भाभी, मी सही केली ती साहेबांकडं बघून. आता ते गेल्यावर तुमच्याकडं पैसे मागू? मेरेसे नहीं होता."

"तुम्ही नका मागू," बायको म्हणाली. "मी मागते."

मला तिचा फार आधार वाटला. ती मागत होती म्हणून मला देता येणार होतं.

यांची स्कूटर विकली. तिचे पैसे आधी कापलेल्या पगारापोटी भाभीच्या हातात दिले. आणि मी काम धरलं. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे सायकलवर येतात, त्यांच्या कडा दुमडून शिवायच्या. डझनावर मजुरी. मशीन अजून पायाचीच आहे. गुडघे दुखतात. पांढरे तंतू केसांत, भाकरीत, सगळीकडं. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी शिवण बुडतं, बाकीचे दिवस उजाडल्यापासून शिवायचं. पायानं मशीन चालली की बरं वाटतं, घरात काहीतरी आवाज होतो.

दर महिन्याच्या दहा तारखेला शिपाईभाईंचा पगार व्हायचा. मी त्या दिवशी पैसे घेऊन जायची. कापलेल्या हप्त्याएवढे आणि जमलं तर वर थोडे, ते शिपाईभाई पतसंस्थेत जास्तीचे भरायचे, म्हणजे कर्ज लवकर सरेल. पुढच्या पावसाळ्यात नर्सिंगचे प्रवेश निघायच्या आत पोरीच्या बापाचं नाव मोकळं व्हायला हवं, एवढं एकच मी डोक्यात धरलं होतं. भाभी बोटाला थुंकी लावून माझ्यासमोर पैसे मोजायची. शिपाईभाई तेवढा वेळ उंबऱ्यावर पाठ करून बसायचे. मोजून झालं की आत यायचे आणि पैशाचा विषय न काढता चहा प्यायचे. माझं महिन्याचं बाहेर जाणं तेवढंच. त्या दिवशी मी धुतलेली साडी नेसायची, वेणी घट्ट घालायची.

एकदा मंगळवारच्या बाजारात यांचे पैसे जिच्याकडं राहिले होते अशी एक बाई दिसली. ती शिकत असताना एकदा चिठ्ठी हरवली म्हणून आमच्या घरी रडत आली होती, म्हणून चेहरा लक्षात राहिला. पुढं मधूनच तिचं लग्न लावून दिलं. तिनंही मला ओळखलं, असं मला वाटलं. तिच्याकडचे पैसे मिळाले तर माझे दोन महिने वाचणार होते. मी तिच्या मागून दोन गाळे चालत गेले. ती वांगी घेत होती. पाव किलो घेतली, परत अर्धी काढून ठेवली, मग हातातली नाणी बघून पुन्हा एक उचललं. बरोबर सासू होती. मी भाजी न घेताच माघारी वळले. यांचा नियम मला कधी पटला नव्हता. त्या दिवशी मात्र मी तो पाळला, आणि घरी येऊन यांच्या फोटोवर चिडले.

चिडायला तरी दुसरं कोण आहे.

पाऊस तोंडावर आला आहे. पोरगी फॉर्म भरायच्या तारखेची वाट बघते आहे. मी गेले दोन महिने दुप्पट गठ्ठे घेतले. इथपर्यंत लिहून पत्रिकांचा गठ्ठा बाजूला ठेवला होता. आज पुन्हा काढला, कारण आज दहा तारीख होती.

गेले तर शिपाईभाई नेहमीसारखे उंबऱ्यावर. मला वाट दिली आणि पाठ करून बसले. भाभीनं हात पुसले, मी पदराखालून दिलेले पैसे मोजले. मग पोरीला हाक मारली, "इकडं ये, तू मोज. तुझ्यासाठी आहेत, तू मोज." पोरगी लाजली. मोजताना दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी तिच्या बोटांकडं बघत होते. बोटांना औषधाचा वास होता.

"बराबर है," ती म्हणाली.

उंबऱ्यावरून आवाज आला, "झालं का?"

"झालं," भाभी म्हणाली. "सगळं फिटलं. आता तोंड करा हिकडं, आता कुणाची लाज नाही."

शिपाईभाई वळले. डोळे ओले होते, पण म्हणाले, "चाय ठेव. भाभी, उद्या सोसायटीत जाऊन साहेबांचं खातं बंद करून येतो. आणि पोरीच्या फीच्या कर्जाचा माझा अर्ज तिथंच देऊन येतो."

भाभी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या दहा तारखेला पैसे नकोत. नुसतं यायचं."

मी हो म्हटलं. नुसतं कसं जायचं असतं ते मला अजून ठाऊक नाही. चहा घेतला. पोरीनं पैसे रुमालात बांधले, गाठ मारली आणि कपाटात ठेवले. यांचं कर्ज फिटलं.